फ्लूच्या साथीने शिकवलं आणि कॅन्सरच्या ऑपरेशनला उपयोगी पडलं : डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांची गोष्ट

५ एप्रिल १९३३. अमेरिकेतलं सेंट लुईस शहर, बार्न्स हॉस्पिटल.

ऑपरेशन टेबलावर ४८ वर्षांचे एक स्त्रीरोगतज्ज्ञ होते, पिट्सबर्गचे डॉ. जेम्स गिलमोर. त्यांच्या डाव्या फुफ्फुसात कॅन्सर सापडला होता. ठरलं होतं ते एवढंच, की फुफ्फुसाचा वरचा भाग काढायचा. पण छाती उघडल्यावर लक्षात आलं की गाठ मुख्य श्वासनळीच्या फार जवळ आहे. नुसता वरचा भाग काढला तर कॅन्सर आतच राहणार होता.

सर्जनपुढे दोनच रस्ते होते. छाती पुन्हा शिवून टाकायची, म्हणजे रुग्णाला मरणाच्या हवाली करायचं. किंवा अख्खं फुफ्फुस काढायचं. कॅन्सरसाठी एकाच ऑपरेशनमध्ये पूर्ण फुफ्फुस काढलेला माणूस तोवर जगात कुठेही वाचला नव्हता.

त्या सर्जनचं नाव डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम. त्यांनी फुफ्फुस काढलं आणि रुग्ण वाचला. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात ही गोष्ट बहुतेक वेळा इथपर्यंतच सांगितली जाते.

पण हे धाडस त्या एका दिवसात आलं नव्हतं. त्याची सुरुवात झाली होती पंधरा वर्षं आधी, गोवर आणि फ्लूने आजारी पडलेल्या सैनिकांच्या वॉर्डात. विषाणूच्या संसर्गाने खिळखिळी झालेली छाती ऑपरेशन कसं सोसते आणि कधी सोसत नाही, हे ग्रॅहम तिथे शिकले होते.

सर्जनचा मुलगा, पण ओढ रसायनशास्त्राची

ग्रॅहम यांचा जन्म १९ मार्च १८८३ रोजी शिकागोत झाला. वडील डेव्हिड ग्रॅहम स्वतः सर्जन होते, त्यामुळे हॉस्पिटल आणि ऑपरेशन या गोष्टी एव्हार्ट्स लहानपणापासून बघत होते. १९०४ मध्ये त्यांनी प्रिन्स्टनमधून पदवी घेतली आणि १९०७ मध्ये शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाले.

वडिलांच्या जोडीने प्रॅक्टिस सुरू करणं हा सरळ रस्ता होता. पण त्या काळातले बरेच सर्जन हाताच्या कौशल्यावर चालायचे. ऑपरेशन झाल्यावर शरीराच्या आत नेमकं काय होतं, याची चौकशी फार कमी जण करायचे. ग्रॅहम यांना तीच खटकायची. म्हणून डॉक्टर झाल्यावर ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि शिकागो विद्यापीठात रसायनशास्त्र शिकू लागले.

तिथेच त्यांची ओळख हेलन ट्रेडवे यांच्याशी झाली. हेलन स्वतः रसायनशास्त्रज्ञ होत्या. १९१६ मध्ये दोघांचं लग्न झालं. पुढे हेलन वॉशिंग्टन विद्यापीठात औषधशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. आयुष्यभर या घरात दोन संशोधक नांदत होते.

याच काळात, १९११ मध्ये, ग्रॅहम यांनी एक संशोधन प्रसिद्ध केलं. रुग्णाला बेशुद्ध करण्यासाठी तेव्हा ईथर वापरलं जायचं. ग्रॅहम यांनी दाखवलं की ईथरमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची ताकद कमी होते.

म्हणजे जखम कितीही स्वच्छ ठेवली तरी ऑपरेशनच्या काळात शरीराचा पहारा थोडा ढिला पडतोच. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचा पाया तोच आहे.

कट प्रॅक्टिसशी पहिलं भांडण

१९१५ मध्ये ग्रॅहम आयोवा राज्यातल्या मेसन सिटी या छोट्या गावात प्रॅक्टिस करायला गेले. तिथे त्यांना जे दिसलं ते आपल्यालाही अनोळखी नाही. रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरला सर्जन आपल्या फीमधला वाटा द्यायचा. आपल्याकडे याला कट प्रॅक्टिस म्हणतात.

अशा व्यवहारात रुग्ण चांगल्या सर्जनकडे जात नाही, जास्त वाटा देणाऱ्या सर्जनकडे जातो. ग्रॅहम यांनी वाटा द्यायला नकार दिला आणि त्याविरुद्ध उघड भूमिका घेतली. हे भांडण त्यांनी पुढे आयुष्यभर चालू ठेवलं. १९३७ मध्ये सर्जनची पात्रता तपासणारं अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरी स्थापन झालं, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष ग्रॅहमच होते.

पण त्याआधी पहिलं महायुद्ध आलं आणि ते सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले.

लढाईआधीच मरणारे सैनिक

१९१७-१८ च्या हिवाळ्यात अमेरिकेने लाखो तरुणांना सैन्यात घेतलं. गावखेड्यांतली ही मुलं बराकींमध्ये दाटीवाटीने राहू लागली. आधी गोवराची साथ आली. मग १९१८ मध्ये इन्फ्लुएंझा आला, तोच ज्याने जगभर कोट्यवधी माणसं मारली. जूनमध्ये ती साथ मुंबई बंदरात उतरली आणि एकट्या भारतात १ कोटीहून जास्त लोक दगावले.

गोवर आणि फ्लू दोन्ही विषाणूंमुळे होतात. पण बराकीतले बरेच सैनिक निव्वळ विषाणूने मरत नव्हते. विषाणू आधी श्वासनलिकेचं आतलं अस्तर खराब करायचा. मग स्ट्रेप्टोकोकस नावाचे जिवाणू त्या उघड्या पडलेल्या वाटेने आत शिरायचे. न्यूमोनिया व्हायचा आणि फुफ्फुस व छातीची भिंत यांच्यामधल्या पोकळीत पाणी साठून त्याचा पू व्हायचा. या आजाराला एम्पायमा म्हणतात.

पू झाला की चीर देऊन तो काढायचा, हा शस्त्रक्रियेचा जुना नियम. म्हणून सैन्याच्या हॉस्पिटलांमध्ये एम्पायमाचं निदान होताच बरगडीचा तुकडा काढून छाती उघडली जायची. नियमात चूक काहीच नव्हती, तरी रुग्ण मात्र मरत होते.

छावण्यांमध्ये सरासरी १०० पैकी ३० च्या आसपास सैनिक दगावत होते. काही ठिकाणी तर हे प्रमाण याच्या दुपटीवर गेलं होतं. शेवटी सैन्याने एक समिती नेमली. तिचं नाव एम्पायमा कमिशन. व्हर्जिनियातल्या कॅम्प ली या छावणीत तिचं काम सुरू झालं आणि पस्तिशीतले ग्रॅहम तिचे एक सदस्य होते.

छातीचा भाता

ग्रॅहम आणि त्यांचे सहकारी रिचर्ड बेल यांनी आधी एक साधा प्रश्न विचारला. छातीला भोक पडलं की आत नेमकं काय होतं?

लोहाराचा भाता डोळ्यासमोर आणा. भाता बंद असतो म्हणून हवा ओढतो. त्याला भोक पडलं की हवा तिथूनच आत-बाहेर होते आणि भाता निकामी होतो. छातीचंही तसंच आहे. ती सगळीकडून बंद असते म्हणून श्वास घेताना फुफ्फुस फुगतं. बाजूला भोक पडलं तर हवा त्या भोकातून शिरते आणि फुफ्फुस आकसतं.

तेव्हाच्या डॉक्टरांना एवढं ठाऊक होतं. पण त्यांची समजूत अशी होती की दोन फुफ्फुसांच्या मधे एक घट्ट पडदा आहे. त्यामुळे एका बाजूला भोक पडलं तरी दुसरं फुफ्फुस नीट काम करत राहतं.

ग्रॅहम आणि बेल यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले आणि ही समजूत खोटी ठरली. मधला पडदा घट्ट नसतो, तो हलतो. एका बाजूचा दाब बदलला की दुसऱ्या बाजूचाही जवळपास तेवढाच बदलतो. म्हणजे उजवीकडे चीर दिली तरी मार दोन्ही फुफ्फुसांना बसतो.

मग काही जण वाचतात कसे? ग्रॅहम यांचं उत्तर होतं की हे दोन गोष्टींवर ठरतं. भोक किती मोठं आहे आणि रुग्णाकडे श्वासाची शिल्लक किती आहे. धडधाकट माणूस जोरजोरात श्वास घेऊन छोटं भोक निभावून नेतो. पण ज्याची दोन्ही फुफ्फुसं फ्लूनंतरच्या न्यूमोनियाने भरली आहेत, त्याच्याकडे शिल्लकच नसते. त्याला ती चीरच मारते.

आता छावणीत काय चाललं होतं ते उलगडलं. सर्जन योग्य ऑपरेशन करत होते, पण चुकीच्या वेळी.

आजाराच्या पहिल्या दिवसांत छातीतलं पाणी पातळ असतं आणि फुफ्फुस मोकळं असतं. तेव्हा छाती उघडली की ते लगेच आकसतं. काही दिवस गेले की पू घट्ट होतो आणि फुफ्फुस कडेने छातीच्या भिंतीला चिकटतं. मग छाती उघडली तरी ते तेवढं आकसत नाही. तोवर न्यूमोनियाही उतरलेला असतो आणि रुग्णाच्या श्वासाची शिल्लक वाढलेली असते.

कमिशनने तीन सूचना दिल्या. सुरुवातीला छाती उघडू नका, हवा आत जाऊ न देता सुईने पाणी काढत राहा. योग्य वेळ आल्यावर पू पूर्ण काढा आणि आतली पोकळी लवकर स्वच्छ करून बुजवा, नाहीतर आजार महिनोन्‌महिने रेंगाळतो. आणि रुग्णाला भरपूर पोषण द्या, कारण पूबरोबर शरीरातली ताकदही वाहून जाते.

कुठलंही नवं औषध नाही. अँटिबायोटिक्स तर अजून जन्मालाही आली नव्हती. तरीही या सूचना जिथे नीट पाळल्या, तिथे मृत्यूचं प्रमाण एकेरी आकड्यात आलं.

पित्ताशयाचा फोटो

१९१९ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने ग्रॅहम यांना शस्त्रक्रिया विभागाचं प्रमुखपद दिलं. वय ३६. हे पद पूर्णवेळ होतं, म्हणजे शिकवणं, संशोधन आणि विद्यापीठाच्या हॉस्पिटलमधले रुग्ण एवढंच काम. १९५१ पर्यंत ते या पदावर राहिले.

तिथलं त्यांचं पहिलं मोठं काम छातीचं नव्हतं, पोटाचं होतं. तेव्हा एक्स-रेमध्ये पित्ताशय दिसत नसे, त्यामुळे पित्ताशयाच्या आजाराचं निदान बरंचसं अंदाजावर चालायचं. ग्रॅहम आणि त्यांचे तरुण सहकारी वॉरन कोल यांना सुचलं की यकृतातून पित्तात उतरणारा एखादा पदार्थ एक्स-रेमध्ये दिसेल असा बनवला तर पित्ताशयही दिसेल. इथे रसायनशास्त्राचं शिक्षण कामी आलं. १९२४ मध्ये त्यांनी ही पद्धत जाहीर केली आणि पुढची कित्येक दशकं, सोनोग्राफी येईपर्यंत, जगभर ती वापरली गेली.

पण मन छातीतच होतं. फुफ्फुसात गळवं होऊन कुजत चाललेल्या रुग्णांवर त्यांनी टप्प्याटप्प्याने उपचार सुरू केले. खराब भाग एकदम कापण्याऐवजी तो तापवलेल्या हत्याराने थोडा थोडा जाळायचा आणि प्रत्येक वेळी रुग्णाला सावरायला वेळ द्यायचा. हा छावणीतलाच धडा होता, आधी शिल्लक बघायची आणि मग हात घालायचा.

पुन्हा ५ एप्रिल १९३३

आता परत त्या ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊ.

ऑपरेशनआधी गिलमोर काही दिवस पिट्सबर्गला घरी जाऊन आले होते. असं सांगतात की त्या मुक्कामात त्यांनी दोन कामं उरकली. दातांची दुरुस्ती करून घेतली आणि स्मशानात स्वतःसाठी जागा विकत घेतली. जगायची आणि मरायची, दोन्ही तयारी.

१९३१ मध्ये बर्लिनला रुडॉल्फ निसेन यांनी आणि १९३२ मध्ये अमेरिकेत कॅमेरॉन हाइट यांनी पूर्ण फुफ्फुस काढलं होतं आणि ते रुग्ण जगले होते. पण ते दोघेही कॅन्सरचे रुग्ण नव्हते, जुन्या संसर्गाने फुफ्फुस खराब झालेले तरुण रुग्ण होते. कॅन्सरच्या रुग्णाबाबत प्रश्न वेगळा होता. रक्तपुरवठा एका फुफ्फुसावर अचानक आला तर हृदय ते सोसेल का?

ग्रॅहम यांनी आधी डाव्या फुफ्फुसाची रक्तवाहिनी काही वेळ दाबून धरली आणि वाट पाहिली. नाडी ठीक होती. म्हणजे उरलेल्या फुफ्फुसात शिल्लक होती. मग त्यांनी पूर्ण फुफ्फुस काढायचा निर्णय घेतला.

पण फुफ्फुस काढल्यावर त्या जागी एक मोठी रिकामी पोकळी उरते. आणि रिकामी पोकळी म्हणजे पुढच्या संसर्गाचं घर, हे १९१८ पासून त्यांना पाठ होतं. म्हणून त्यांनी त्याच बैठकीत सात बरगड्याही काढल्या, म्हणजे छातीची भिंत आत बसेल आणि पोकळी लहान होईल. कमिशनने सैनिकांसाठी दिलेली पोकळी बुजवण्याची सूचना इथे कॅन्सरच्या रुग्णासाठी वापरली गेली.

तरी संसर्ग झालाच. ऑपरेशननंतर गिलमोर यांच्या छातीत पू झाला, श्वासनळीच्या शिवलेल्या टोकातून हवा गळू लागली. पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. अखेर ७५ दिवसांनी ते हॉस्पिटलमधून घरी गेले. काही महिन्यांनी त्यांनी आपली प्रॅक्टिसही सुरू केली.

ग्रॅहम आणि छातीरोगतज्ज्ञ जेकब सिंगर यांनी त्याच वर्षी ही केस प्रसिद्ध केली. त्यानंतर जगभरच्या सर्जननी हे ऑपरेशन करायला घेतलं. सुरुवातीच्या वर्षांत त्यात बरेच रुग्ण दगावले. पण फुफ्फुसाचा कॅन्सर काढता येतो, एवढं सिद्ध झालं होतं.

योगायोग बघा. याच १९३३ मध्ये लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तिघांनी माणसातल्या इन्फ्लुएंझाचा विषाणू पहिल्यांदा वेगळा काढून दाखवला. म्हणजे ज्या आजाराने ग्रॅहम यांना छाती शिकवली, त्याचं खरं कारण सापडलं ते त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या ऑपरेशनच्या वर्षी. १९१८ मध्ये तो फ्लू विषाणूने होतो हे त्यांनाच काय, कुणालाच ठाऊक नव्हतं.

चुकलेला अंदाज

या माणसाला एक सवय होती. ते सिगारेट ओढायचे, एकामागून एक.

१९३० च्या दशकात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण वाढताना दिसत होते. न्यू ऑर्लिन्सचे सर्जन आल्टन ऑक्सनर म्हणू लागले की यामागे सिगारेट आहे. ग्रॅहम यांना ते पटलं नाही. सिगारेटबरोबर त्या काळात रेशमी मोज्यांची विक्रीही वाढली आहे, मग मोज्यांनाही दोष द्यायचा का, अशी थट्टा त्यांनी केल्याचं सांगतात. दोन गोष्टी एकदम वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी होते असं नाही, हा त्यांचा मुद्दा होता. तर्क म्हणून तो बरोबरच होता.

१९४८ मध्ये अर्न्स्ट विंडर नावाचा वैद्यकीय विद्यार्थी त्यांच्याकडे आला. त्याला फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांना सिगारेटबद्दल सविस्तर विचारायचं होतं. ग्रॅहम यांचा त्याच्या कल्पनेवर विश्वास नव्हता, तरी त्यांनी त्याला आपले रुग्ण भेटू दिले आणि नंतर स्वतःही त्या कामात सामील झाले.

मे १९५० मध्ये दोघांचा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. त्यात ६८४ रुग्णांची माहिती होती. कॅन्सरच्या मुख्य गटातल्या पुरुषांपैकी ९६.५ टक्के जण वर्षानुवर्षं बऱ्यापैकी किंवा खूप सिगारेट ओढणारे निघाले. हॉस्पिटलमधल्या इतर पुरुष रुग्णांत हे प्रमाण ७३.७ टक्के होतं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा अभ्यासही तेच सांगत होता.

आकडे समोर आल्यावर ग्रॅहम यांनी आपलं मत बदललं आणि सिगारेटही सोडली. १९५३ मध्ये विंडर आणि अ‍ॅडेल क्रोनिंगर यांच्यासोबत त्यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिगारेटच्या धुरातलं डांबर उंदरांच्या पाठीवर लावत राहिल्यावर ४४ टक्के उंदरांना कॅन्सर झाला. मोज्यांच्या थट्टेला त्यांनी स्वतःच दिलेलं हे उत्तर होतं. सिगारेट कंपन्या हादरल्या आणि जानेवारी १९५४ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रांत मोठी जाहिरात देऊन बचाव सुरू केला.

पण ग्रॅहम यांच्यासाठी उशीर झाला होता. १९५७ च्या सुरुवातीला त्यांच्या दोन्ही फुफ्फुसांत कॅन्सर सापडला. एका बाजूला असता तर कदाचित त्यांनीच रुळवलेलं ऑपरेशन करता आलं असतं. दोन्हीकडे असल्याने तो रस्ता बंद होता. ज्या ऑक्सनर यांचं म्हणणं त्यांनी एकेकाळी उडवून लावलं होतं, त्यांना पत्र लिहून त्यांनी आपल्या आजाराची बातमी कळवली.

४ मार्च १९५७ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. स्मशानात जागा घेऊन ठेवलेले गिलमोर त्यानंतरही सहा वर्षं जगले. १९६३ मध्ये ते वारले ते कॅन्सरने नाही. एका फुफ्फुसावर त्यांनी जवळपास ३० वर्षं काढली.

मग आज या गोष्टीचं काय?

ग्रॅहम यांनी कॅम्प लीमध्ये विचारलेला प्रश्न २०२० मध्ये पुन्हा सगळ्या जगापुढे आला. विषाणूचा संसर्ग झालेल्या माणसावर मोठं ऑपरेशन केलं तर काय होतं?

विषाणूने नेमकं काय बिघडतं हे आता कळलेलं आहे. श्वासनलिकेच्या आत केसांसारखे अतिशय बारीक तंतू असतात. ते कफ आणि जंतू सतत वर ढकलून बाहेर काढतात. फ्लू किंवा कोविडसारखा विषाणू हे अस्तरच सोलून काढतो आणि ते पुन्हा नीट व्हायला काही आठवडे जातात. त्याच काळात ऑपरेशन झालं तर संकटात भर पडते. दुखण्यामुळे रुग्ण नीट खोकत नाही, खोल श्वास घेत नाही. कफ साचतो. भूल आणि ऑपरेशनचा ताण यांनी प्रतिकारशक्ती काही दिवस खाली गेलेली असते. कॅन्सरच्या रुग्णात आधीच्या केमोथेरपीमुळे ती अगोदरच कमी असू शकते.

मग न्यूमोनिया होतो, व्हेंटिलेटर लागू शकतो. आणि त्यातून रुग्ण वाचला तरी पुढची केमो किंवा रेडिएशन लांबणीवर पडते.

२०२० मध्ये २४ देशांतल्या ११२८ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशनच्या आगेमागे कोविड झालेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना फुफ्फुसाचे त्रास झाले आणि २३.८ टक्के रुग्ण महिन्याभरात दगावले. २०२१ मध्ये ११६ देशांतल्या १ लाख ४० हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासातून दिसलं की कोविडनंतर सात आठवडे थांबलं तर हा वाढीव धोका बहुतेकांमध्ये ओसरतो. ज्यांची लक्षणं तेव्हाही टिकून होती, त्यांना मात्र अजून धोका होता. पुढे लसी आल्या, विषाणूचे सौम्य प्रकार आले आणि थांबायचा काळ बऱ्याच रुग्णांसाठी कमी झाला.

पण कॅन्सर काही थांबत नाही. म्हणून सरसकट सगळी ऑपरेशनं पुढे ढकलणं हेही उत्तर नव्हतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०२० च्या पहिल्या लॉकडाऊनमध्ये कॅन्सरच्या ४९४ रुग्णांवर मोठी ऑपरेशनं केली. त्यातले सहा जण नंतर कोविड पॉझिटिव्ह निघाले आणि सगळे बरे झाले. ऑपरेशननंतर एकही मृत्यू झाला नाही. आधी संसर्ग नसलेले रुग्ण आणि नीट काळजी, एवढं जमलं तर साथीतही ऑपरेशन करता येतं हे त्यातून दिसलं.

म्हणजे गणित तेच आहे, जे ग्रॅहम यांनी मांडलं होतं. एका पारड्यात आजार थांबू देईल तेवढा वेळ, दुसऱ्या पारड्यात शरीरात उरलेली शिल्लक. वाट पाहण्याने कॅन्सर किती वाढेल आणि घाई केल्याने फुफ्फुस किती सोसेल, हा हिशोब प्रत्येक रुग्णाचा वेगळा असतो. तो डॉक्टरने करायचा असतो. पण त्यासाठी डॉक्टरला खरी माहिती लागते.

म्हणून घरात कुणाचं कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं असेल तर काही साध्या गोष्टी मोलाच्या आहेत. आदल्या काही आठवड्यांत ताप, खोकला, सर्दी झाली असेल तर तारीख जाईल या भीतीने ते लपवू नका. आपल्या मनाने तारीख पुढेही ढकलू नका. फ्लूची लस कधी घ्यायची हे आधीच विचारून ठेवा. ऑपरेशननंतर भेटायला येणाऱ्या सर्दीवाल्या नातेवाइकांना दारातूनच नमस्कार करा. श्वासाचे व्यायाम सांगितले असतील तर ते नेमाने करा. आणि सिगारेट ओढत असाल तर आजच सोडा.

शेवटची सूचना ग्रॅहम यांनीही केली असती. ती पाळायला त्यांना स्वतःला फार उशीर झाला, एवढंच.